ऋषिऋणाचे हप्ते

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात पत्र्याचा एक जुना डबा आहे. आई त्यात दिवाळीचे अनारसे ठेवत असे. आज त्यात चाळीसहून अधिक वर्षांच्या पावत्या आहेत. सर्वांत खालची पावती १९८१ सालची, ५१ रुपयांची आहे. तिची शाई विटून तपकिरी झाली असली, तरी रक्कम आणि माझे माहेरचे नाव अजून वाचता येते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, म्हणजे आम्हां बडोदेकरांच्या तोंडी ‘एम. एस.’मधून, रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन मी एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत लागले होते. आमचे एक सर निवृत्त होत होते आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गरजू मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी एक छोटा निधी उभा केला होता, त्याची ती पावती. पगार सहाशेच्या आसपास होता आणि मी ५० रुपये द्यायचे ठरवले होते. वरचा एक रुपया आईने घालायला लावला. पन्नासावर देणे संपते, एक्कावन्नावर ते पुढे चालू राहते, असे ती म्हणाली होती. ते चालू राहिले, याचे श्रेय त्या एका रुपयाला द्यावे असे मला आजही मनापासून वाटते.

आमच्या घरात विद्यापीठाविषयीची भावना माझ्या शिक्षणाच्या फार आधीपासूनची आहे. आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून होते आणि दांडिया बाजारातल्या वाड्यात आम्हां भावंडांना जवळ बसवून ते दोन तारखा सांगत. विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दोनशेहून अधिक वर्षांचे राज्य आवरते घेताना एखाद्या कुटुंबाने घर सोडण्यापूर्वी देवापुढे दिवा लावून ठेवावा, तसे ते झाले असे आजोबांना वाटे. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ, त्या सयाजीराव महाराजांनी ते पाहिले नाही. ते १९३९ सालीच गेले. परंतु १८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज, १८९० चे कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय, १९०६ साली संस्थानभर लागू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, ही सगळी पायाभरणी त्यांचीच, आणि विद्यापीठाची त्यांची इच्छा त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत पुरी झाली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या. मुलेमुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी एक स्त्री बसण्याची ती भारतातील पहिलीच वेळ होती. माझ्या आईला मॅट्रिकनंतर शिकता आले नाही. पण हंसाबेनची मोटार रस्त्यावरून गेली की ती दारात येऊन उभी राहत असे, हे तिनेच मला सांगितले आहे.

मी शिकत असताना आमची वर्षाची फी वडिलांच्या एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी होती. प्रयोगशाळेत वापरलेली रसायने, फुटलेली काच, ग्रंथालयातली विदेशी नियतकालिके आणि आमच्या प्राध्यापकांचे पगार यांचा हिशेब केला, तर त्या फीतून एका सत्राचाही खर्च निघाला नसता. उरलेले पैसे कोणी भरले, हा प्रश्न विद्यार्थिदशेत मला एकदाही पडला नाही. तो पडला नोकरीला लागल्यावर, पगारातून पहिल्यांदा कर कापला गेला तेव्हा. खेडा जिल्ह्यातला तंबाखू पिकवणारा शेतकरी, मिठागरात अनवाणी उभा राहणारा अगरिया, मांडवीच्या दुकानातून काडेपेटी विकत घेणारी मोलकरीण, या सर्वांनी काही ना काही कर भरलेला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांची मुले कधीच विद्यापीठाच्या पायऱ्या चढली नव्हती. माझ्या दृष्टीने माजी विद्यार्थ्यांच्या देण्याचा सगळा विचार येथून सुरू व्हायला हवा. आपण ‘आपल्या संस्थेला’ देतो असे म्हणतो, पण आपले देणे ज्यांनी आपल्याला शिकवण्यासाठी पैसे मोजले आणि ज्यांच्या घरी तो लाभ पोहोचला नाही, त्यांचे असते. संस्था ही त्या देण्याची पेढी आहे.

या संबंधात बडोद्याच्या माणसाला एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना मुंबईच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. कराराप्रमाणे ते १९१७ साली बडोद्यात आले आणि या शहराने त्यांना राहायला एक खोलीसुद्धा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेल्यावर त्यांनी कमाटी बागेत एका झाडाखाली काही तास काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. मी तेथे वर्षातून एकदा तरी जाते. ज्याने ऋण फेडायला यावे त्याला दारातून परत पाठवणारे हे माझे गाव आहे, ही जाणीव मला तेथे प्रत्येक वेळी नव्याने होते, आणि ती होत राहावी अशी माझी इच्छा आहे. आंबेडकरांनी ती शिष्यवृत्ती बडोदा संस्थानाला नोकरीच्या रूपाने परत केली नाही, कारण ते त्यांना करू दिले गेले नाही. ती त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करून, ज्यांना कोणी खोली देत नव्हते त्यांच्या मुलांना वर्गखोली देऊन फेडली. शिक्षणाचे ऋण घेतलेल्या दारी परत करता येतेच असे नाही, हे मला त्या झाडाखाली समजले.

जुन्या परंपरेतही हे वेगळ्या रीतीने सांगितलेले आहे. माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते, असे तैत्तिरीय संहिता सांगते. ऋषींना धान्य किंवा गाई परत करायच्या नाहीत. शिकायचे, आणि शिकलेले पुढे नेणारा कोणी तयार करायचा. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदातला आचार्य जो उपदेश करतो, त्यात देण्याविषयीचीही वाक्ये आहेत. श्रद्धेने द्यावे, अश्रद्धेने देऊ नये, ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि मग येते ‘ह्रिया देयम्’, संकोचाने द्यावे. या संकोचाचा मला लागलेला अर्थ असा की, देणाऱ्याला आपण देतो आहोत ते मिळालेल्याच्या मानाने थोडे आहे हे ठाऊक असते. भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर आपले नाव केवढ्या अक्षरांत कोरले जाईल, याची चौकशी करणाऱ्याजवळ हा संकोच उरलेला नसतो.

वयाच्या प्रत्येक टप्प्यावर देण्याचे रूप बदलते, हे मला पावत्या चाळताना दिसते. पहिल्या दहा वर्षांत पैसे नव्हतेच. लग्न, घर, मुले यांत पगार संपे. त्या काळात मी माझी स्वतःची पुस्तके विभागाला दिली, तीही समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणांसह, आणि वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांना आमच्या कारखान्यात आणून फिरवले. यात कंपनीची परवानगी आणि एक रजा यापलीकडे काही लागले नाही. तरीही त्यांतली काही मुले आजही भेटतात आणि त्या दिवशी पहिल्यांदा एखादी गोळी ओल्या भुकटीपासून पट्टीत बंद होईपर्यंत पाहिली असे सांगतात.

पुढच्या टप्प्यावरची एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण तिच्यात मी सर्वांत जास्त शिकले. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या प्रयोगशाळेत नवी यंत्रे आली आणि एक चालू स्थितीतले एच. पी. एल. सी. यंत्र भंगारात जाणार होते. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे हे यंत्र त्या काळी अनेक विद्यार्थ्यांनी केवळ पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेले असे. ते एका महाविद्यालयाला द्यावे म्हणून मी वर्षभर खटपट केली. मालमत्तेच्या नोंदवहीतून ते वगळणे, विभागाचे मागणीपत्र, लेखापरीक्षकांची शंका, टेम्पो, जिन्यावरून वर चढवण्यासाठी सहा माणसे. यंत्र बसले, फुले वाहिली गेली, पेढे वाटले, आणि चार महिन्यांनी मी गेले तेव्हा त्यावर कापड टाकलेले होते. दोष कोणाचाच नव्हता. त्याला लागणारा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, संपला होता, असिटोनायट्राइल हे शुद्ध दर्जाचे द्रावक घ्यायला वेगळी तरतूद नव्हती आणि पंपाचे सील बदलणे कोणाला शिकवलेले नव्हते. यंत्र देणाऱ्याने त्याच्यासोबत दोन वर्षांचे द्रावक, दोन कॉलम आणि स्वतःचे काही शनिवार द्यायचे असतात, हे मला आधी कळायला हवे होते. पुढे मी ते शनिवार दिले. मैत्रिणींनी कॉलमचे पैसे जमा केले. ते यंत्र त्यानंतर नऊ वर्षे चालले आणि त्यावर शिकलेली एक मुलगी नंतर आमच्याच कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर आली. इमारतीसाठी देणगीदार मिळतात, इमारतीच्या दुरुस्तीसाठी मिळत नाहीत, हे त्यानंतर मला सगळीकडे दिसू लागले.

कायमनिधीचेही असेच आहे. माझ्या आत्याने, ती शाळेत संस्कृत शिकवत असे, दुसऱ्या एका शहरातल्या शिक्षणसंस्थेला १९६८ साली ५,००० रुपये दिले होते. त्याच्या व्याजातून संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी बक्षीस द्यायचे होते. त्या काळी त्या व्याजात मुलीची वर्षाची फी आणि पुस्तके निघत. आत्या गेल्यावर मी चौकशी केली, तेव्हा काही वर्षांपासून ते बक्षीस जाहीरच झालेले नव्हते. पैसे जसेच्या तसे होते, एक पैही कोणी खाल्लेली नव्हती. पण सात टक्क्यांनी ३५० रुपये व्याज येत होते आणि तेवढ्यासाठी समारंभात मुलीला व्यासपीठावर बोलावणे संस्थेला अवघड वाटू लागले होते. कायमनिधी हा शब्द किती फसवा आहे, ते मला त्या दिवशी उमगले. समजा, कोणी १ लाख रुपये ठेवले आणि त्यावर ७ टक्के, म्हणजे वर्षाला ७,००० रुपये व्याज आले. महागाई ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर सर्व ७,००० रुपये वाटून टाकणाऱ्या निधीची किंमत साधारण १४ वर्षांत निम्मी होते. त्याचे बळ टिकवायचे असेल, तर ५,००० रुपये मुद्दलात परत घालून फक्त २,००० वाटावे लागतात. आत्याची मुले आणि मी मिळून तो निधी पुन्हा भरला तेव्हा कागदावर दोन अटी लिहून घेतल्या: व्याजाचा ठरावीक भाग मुद्दलात जाईल, आणि घरातले कोणी ना कोणी दर पाच वर्षांनी त्यात भर घालील. दुसरी अट कायद्याने बांधणारी नाही. ती आमच्या मुलांनी पाळली तरच पाळली जाईल.

मोठ्या देणग्यांच्या बातम्या मी आवडीने वाचते. इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन निलेकणी यांनी आयआयटी मुंबईशी आपल्या नात्याला ५० वर्षे झाली म्हणून २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिले. त्या बातमीतला मला महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच होता: त्याआधी त्यांनी तेथे ८५ कोटी दिलेले होते, म्हणजे देण्याची सवय आधीची होती. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला १८० कोटी डॉलर दिले. पण १९६४ साली पदवी घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा दिलेली रक्कम ५ डॉलर होती. मला या दोन आकड्यांपैकी धाकटा जास्त जवळचा वाटतो.

माझी एक मैत्रीण न्यू जर्सीत राहते. ती म्हणते, ‘‘अगं, मी पैसे पाठवायला कधीची तयार आहे, पण ते नेमके कुठे जातात ते कोणी सांगत नाही.’’ तिची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने द्यायला हवे. दिलेल्या पैशांचा वर्षाला एका पानाचा हिशेब मागणे हा अविश्वास नाही. तिला मी एवढे सांगितले की, तू अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेस, म्हणून तुझे पैसे आपल्या कायद्याने परदेशी देणगी ठरतात आणि ते स्वीकारण्याची सोय घेणाऱ्याकडे आहे का, हे आधी विचारावे लागते. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले, तर ही अडचण येत नाही. येथे राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की २,००० रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती मुळीच नाही. सवलत नाही म्हणून देणे थांबले असेल, तर मात्र ते देणे कशाचे होते, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

‘‘सरकारचे काम आपण का करायचे?’’ असे माझा धाकटा भाऊ विचारतो. त्याचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या दाखवून सार्वजनिक विद्यापीठांचे अनुदान कमी होऊ लागले, तर आपण ज्याच्यासाठी देतो तेच बुडेल, आणि त्याविरुद्ध बोलणे हाही माजी विद्यार्थ्याच्या कर्तव्याचा भाग आहे. पूर्वी नोंदणीकृत पदवीधरांना विद्यापीठाच्या सिनेटवर प्रतिनिधी निवडून देता येत. मी ते मत दर वेळी दिले. गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने ती रचना गेली, आणि बोलण्याची एक रीतसर जागा गेली याचे मला दुःख आहे. पण सरकारने पगार दिले, इमारत दिली, तरी मधे जे राहून जाते ते कोणाच्याच खात्यात बसत नाही. छोटाउदेपूरहून आलेल्या मुलीचा खाणावळीचा एक महिना, परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरायची शेवटची तारीख, चष्मा. या गोष्टींसाठी अर्ज करून मंजुरीची वाट पाहायची, तर सत्र निघून जाते.

निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी मंगळवारी दुपारी मुलींना शिकवते. शिकवते ते रसायनशास्त्र फारसे नसते. ते त्यांचे प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगले शिकवतात. प्रयोगाची नोंदवही प्रामाणिकपणे कशी लिहावी, चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारून शेजारी सही कशी करावी, मुलाखतीत ‘मला हे ठाऊक नाही’ हे न घाबरता कसे सांगावे, एवढेच. त्यांतल्या बऱ्याच जणी गुजराती माध्यमातून आलेल्या आहेत आणि मीही त्यांच्याशी गुजरातीतच बोलते. कलाभवन उभारणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याभोवती रसायनशास्त्रात रमणारी जी तरुण मंडळी जमली, त्यांना आणि गज्जरांना मिळून १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक या औषध कंपनीचा कारखाना काढता आला. या शहराची पुढची औषधनिर्मिती, आणि तिच्यावर चाललेले माझ्यासारख्यांचे संसार, गज्जरांच्या वर्गाच्या खोलीपर्यंत मागे जातात. हे मी मुलींना पहिल्याच मंगळवारी सांगते. नोबेल मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन १९७१ साली याच विद्यापीठातून पदार्थविज्ञानात बी. एस्सी. झाले, हे त्यांना आधीच पाठ असते. गज्जर मात्र सांगावे लागतात.

गेल्या वर्षी मी देहदानाचा फॉर्म भरला. बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे, त्यामुळे तेही त्याच डब्यात जाईल. मुलीने साक्षीदार म्हणून सही केली; मुलाला थोडे दिवस लागले, पण त्यानेही केली. दोघांचाही मी त्यासाठी आग्रह धरला नाही.

या महिन्यात मंगळवारी वर्ग संपल्यावर प्रयोगशाळेतल्या भाईंनी मला थांबवले. ते तेथे माझ्या मुलाच्या वयाचे असल्यापासून आहेत आणि दरवर्षी सत्र सुरू होण्यापूर्वी मला एक चिठ्ठी देतात. ती मी आमच्या तुकडीतल्या अकरा जणींना पाठवते आणि ज्या त्या आपापला भाग उचलतात. या वर्षीची चिठ्ठी नेहमीप्रमाणे पेन्सिलीने लिहिलेली होती: ‘‘५० मिली ब्युरेट – २०. २५ मिली पिपेट – ३०. कॉनिकल फ्लास्क, २५० मिली – ४०. ब्युरेटच्या क्लॅम्पला रबर नाही, ते मिळाले तर बरे.’’ मी घरी येऊन ती ओळ शेवटी ठेवून सगळी यादी टाइप केली आणि मैत्रिणींना पाठवली. रबर मी उद्या मंगळबाजारातून आणणार आहे.